पट्टीवरची तारीख

"आधी बोट, मग डोळे, सुई सगळ्यात शेवटी. आणि हात आधी चोळून गरम कर. असला गारढोण हात लावलास तर पेशंटची शीर पळूनच जाईल."

हे मला पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा आई माझ्या आई नव्हत्या, बाई होत्या. बायकांच्या वॉर्डच्या इन्चार्ज. मी नुकती पास होऊन आलेली, कोऱ्या पांढऱ्या कपड्यांत, भीतीने बोटं बर्फ झालेली. पुढे दोन वर्षांनी त्यांनीच मला त्यांच्या मुलासाठी पसंत केलं. "हिचा हात हलका आहे," एवढं एकच कारण त्यांनी घरी सांगितलं होतं म्हणे. तेव्हापासून घरी आई आणि वॉर्डात बाई. चुकून वॉर्डात आई म्हटलं तर त्या ऐकूच आलं नाही असं करायच्या.

त्यांनी शिकवलेलं सगळं खरं होतं. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी त्यांना वाईट नर्स समजू नये. पाकीट फोडण्याआधी दाबून बघायचं, कुठून हवा सुटली तर ते वापरायचं नाही. स्पिरिटचा बोळा फिरवला की जागा आपोआप वाळू द्यायची. "फुंकर मारू नकोस, तुझ्या तोंडात काय काय आहे ते देवालाच माहीत." कोपराच्या वाकणावर सुई लावायची नाही, कारण माणूस हात वाकवणारच, तो काय पुतळा आहे? आणि सुईचे रंग. हिरवी जाड, ती रक्त चढवायला आणि ऑपरेशनला जाणाऱ्यांना. गुलाबी धडधाकट माणसाला. म्हाताऱ्यांना निळी, अगदीच नाजूक शीर असेल तर पिवळी. मी एकदा रुबाबात एका वाळलेल्या आजींना हिरवी घेऊन निघाले होते. बाईंनी माझ्या हातातून ट्रे काढून घेतला आणि सगळ्या वॉर्डसमोर म्हणाल्या, "मोठी सुई घातली म्हणून कुणी मोठी नर्स होत नाही."

सुई आम्ही म्हणतो खरं, पण सुई शिरेत जाऊन लगेच बाहेर येते. आत राहते ती प्लास्टिकची बारीक नळी. तीच सगळ्या गोष्टीचं मूळ.

एका वर्षी पुरवठा अडला. दोन महिने निळ्या-पिवळ्या नळ्यांची खोकी आलीच नाहीत. तीस खाटा आणि कपाटात मूठभर नळ्या. आमच्याकडचा नियम असा की तिसऱ्या दिवशी नळी काढायची आणि दुसऱ्या जागी नवी घालायची. बाईंनी तेव्हा स्वतःचं एक शोधून काढलं. सकाळी आल्या की खाटेखाटेला जायच्या, नळीवरची पट्टी सोडायच्या, शिरेवर बोट फिरवायच्या. शीर गरम लागली, दोरीसारखी ताठ लागली, पेशंटने नुसती भुवई जरी उचलली तरी नळी बाहेर. पण शीर मऊ असली, गार असली, दुखत नसली, तर नळी तशीच ठेवून वर नवी पट्टी लावायच्या आणि पट्टीवर आजची तारीख घालायच्या. कागदावर लिहायच्या, 'बदलली'. तपासायला येणारे पट्टीवरची तारीख बघतात, शीर बघत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं.

त्या दोन महिन्यांत वॉर्डात एकीचाही हात सुजला नाही. त्याला आम्ही बाईंची पद्धत म्हणायला लागलो. पुढे खोकी यायला लागली, कपाट भरलं, पद्धत मात्र राहिली. पेशंटला पुन्हा टोचावं लागत नाही, तो दुवा देतो, आपलाही वेळ वाचतो. "सात नंबरच्या आजींना तारीख लाव गं," असं आम्ही सहज म्हणायचो, जसं कुणी म्हणेल दार लावून घे.

नंतर पारदर्शक पट्ट्या आल्या. त्यांतून नळी कातडीत शिरते ती जागा दिसते. वॉर्डसाठी कुठली पट्टी घ्यायची ते ठरवायला बाईंनाच विचारलं. त्यांनी आठवडाभर दोन्ही वापरून बघितल्या आणि जाडी पांढरी चिकटपट्टी निवडली. "ती काचेची पट्टी घामाने सुटते. आणि तिच्यावर पेन उमटत नाही." मला ते पटलं. मला त्यांचं सगळंच पटायचं.

मग बाई निवृत्त झाल्या. शिकाऊ मुलींच्या वर्गाबाहेर त्यांचा फोटो लागला. नव्या मुली आल्या, त्या तारीख लावायला दोन दिवसांत शिकल्या. बोट फिरवायला त्यांना कुणी शिकवलं नाही. वॉर्डात सगळ्यांत जुनी मी होते. मीही नाही शिकवलं.

*

या वर्षी आईंच्या छातीत कफ भरला. वय एकोणसत्तर, त्यात साखर. दहा दिवस शिरेतून औषध द्यायचं ठरलं आणि त्या आपल्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या चार नंबरच्या खाटेवर, पेशंट म्हणून आल्या. पेशंट म्हणजे काय, राज्यच करायला आल्या. पहिल्याच दिवशी छोट्या डॉक्टरांना म्हणाल्या, "ते गळ्यात शोभेला घातलंय का? पाठीला लावा, पाठीला. कफ पाठीत आहे, माझ्या गप्पांत नाही." डॉक्टर बिचारे लाजले.

सोमवारी नळी मीच लावली. डाव्या हाताला, मनगटाच्या बरीच वर, निळी.

"तीन मिनिटं शोधत होतीस," त्या म्हणाल्या. "पूर्वी एका झटक्यात सापडायची तुला."

"पूर्वी तुमची शीरही तरुण होती, आई."

"बाई म्हण. ड्युटीवर आहेस."

पण हसल्या. मी पांढरी पट्टी लावली, सोमवारची तारीख घातली.

गुरुवारी मी नवं पाकीट, बोळा, दंडाला बांधायचा पट्टा, सगळा ट्रे घेऊन त्यांच्याकडे गेले. उजवा हात बघायचा होता. त्यांनी ट्रेकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

"हे कशाला?"

"तिसरा दिवस."

"माझी शीर मला कळत नाही? थांब." उजव्या हाताची दोन बोटं त्यांनी पट्टीच्या वरच्या बाजूला ठेवली, डोळे मिटले, हळूहळू कोपराकडे नेली. वॉर्डभर आम्ही अशाच बघत राहायचो त्यांना, शाळेतल्या मुलींसारख्या. "मऊ आहे. गार आहे. उगाच दुसऱ्या हाताची चाळण करू नकोस. लाव तारीख."

"मी एकदा बघते ना."

त्यांनी माझा हात बाजूला सारला. जोरात नाही, एखाद्या लहान मुलीचा सारावा तसा. "चाळीस वर्षं बघतेय मी."

ती बोटं घरी गॅसवरच्या उकळत्या पातेल्यावरचं झाकण फडक्याशिवाय उचलायची. गेली तीन वर्षं. साखरेने त्यांच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. हे म्हणायचे, "आईला चिमट्याची गरज नाही," आणि आम्ही सगळे हसायचो, आईसुद्धा. त्यांना वाटायचं हे वयाने आलेलं धाडस आहे. मी नर्स आहे, मला कळत होतं काय आहे ते. ज्या बोटांना झाकण गरम लागत नाही त्यांना सुजलेली शीर काय गरम लागणार? हे मला त्या क्षणी आठवलं नाही, असं लिहायला मला फार आवडलं असतं. आठवलं होतं. तरी मी जुन्या पट्टीवर नवी पट्टी लावली, गुरुवारची तारीख घातली आणि कागदावर लिहिलं, 'बदलली'.

माझा एक नेम आहे. संध्याकाळी जेवणाआधी देवासमोर बसायचं आणि दिवसभरात खोटं बोललं असेल तर ते तोंडाने म्हणायचं. त्या संध्याकाळी मी काही म्हटलं नाही. लिहिलेलं म्हणजे काही बोललेलं नाही, अशी मी देवाशी हुज्जत घातली.

शनिवारी नळीतून औषध ढकलताना आईंनी ओठ आवळले. मी हात थांबवला. "औषधच जहाल आहे ते," त्या म्हणाल्या. "ढकल हळू."

मी हळू ढकललं.

*

रविवारी माझी सुट्टी होती. ड्युटीवर चिमणी होती. हे तिचं वॉर्डातलं नाव. बांधा एवढासा, आवाज बारीक. पाच वर्षं दरवर्षी नव्या कागदावर सही करून टिकलेली, अजून कायम न झालेली. तिने पट्टीवर गुरुवार वाचला, म्हणजे तिसरा दिवस. आईंना ताप होता, त्या गुंगीत होत्या.

"बाई, दुखतंय का?"

"लाव तारीख," आई डोळे न उघडता म्हणाल्या.

चिमणीने लावली. बाईंच्या हातावर बाईंची पद्धत.

सोमवारी सकाळी मी आले तेव्हा आईंचा हात कोपरापर्यंत लाल आणि चकचकीत झाला होता. मी पट्ट्या सोडल्या. तीन थर होते. रविवार, त्याखाली गुरुवार, त्याखाली सोमवार. कांद्याच्या पापुद्र्यासारखे एकाला एक चिकटलेले. नळी ओढली तशी तिच्यामागून पू आला. तिन्ही पट्ट्यांचा गोळा मी कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकला, रोज टाकते तसा. त्यात लपवायचं काही नव्हतं मनात. धावतपळत आलेल्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "शेवटची तारीख काय होती?"

"रविवार," मी म्हटलं.

तेही खरंच होतं.

जंतू रक्तात गेले होते. आईंचा हात मनगटापासून कोपरापर्यंत चिरून उघडावा लागला. बारा दिवस आम्ही त्या राहतात की जातात हे बघत बसलो. राहिल्या. पण डाव्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत.

मग चौकशी लागली. कागदावर गुरुवारी 'बदलली', रविवारी 'बदलली'. एका दिवसाच्या नळीत पू कसा, हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला आणि चिमणीने पहिल्याच दमात कबूल केलं की रविवारी तिने नळी बदलली नव्हती. "वॉर्डात तसंच करतात," ती म्हणाली. मग वॉर्डातल्या नऊ जणींना एकेक करून आत बोलावलं. नऊ जणींनी सांगितलं की आम्ही तर नेहमी बदलतो, अशी पद्धत आम्ही ऐकलेलीसुद्धा नाही. एकीने तर वर म्हटलं, "बाईंच्या हाताखाली शिकलेल्या आम्ही, आम्ही असं करू?"

मला कुणी विचारलंच नाही. त्यांच्या लेखी मी नर्स नव्हतेच, पेशंटची सून होते. मेट्रनबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुमच्या घरच्याच माणसावर ही वेळ आली. आम्ही त्या मुलीला सोडणार नाही, तुम्ही काळजी करू नका." चिमणीला कामावरून काढायचं आणि तिची नर्सची नोंदणी रद्द करा असं वर लिहायचं, एवढं जवळजवळ ठरलं होतं. मंगळवारी अकरा वाजता तिला शेवटचं बोलावलं होतं.

शनिवारी कपडे बदलायच्या खोलीत ती मला गाठायलाच थांबली होती. डोळे सुजलेले.

"ताई, माफी तरी कुठल्या तोंडाने मागू? मी बाईंचा हात घालवला. पट्टी उचलून बघायला काय झालं होतं मला? तीनच दिवसांची असेल म्हटलं, तीनच दिवसांत एवढं कसं झालं ताई? माझ्या हाताला काही लागलेलं होतं का? मी नीट धुतले नव्हते का? रोज रात्रंदिवस तेच येतं डोक्यात."

मी कपाटाची किल्ली फिरवत होते. किल्ली फिरत नव्हती.

"तीन दिवसांची नव्हती," मी म्हटलं. "सहा दिवसांची होती. गुरुवारी मी बदलली नव्हती. तारीख लावली होती."

चिमणीने माझ्याकडे बघितलं. इतका वेळ तिने माझं मनगट धरलेलं होतं, ते सोडलं.

"तुम्हाला हे पहिल्यापासून माहीत आहे?"

"हो."

"आणि तीन आठवडे तुम्ही मला रडताना बघताय?"

मी किल्ली कुलपातून काढून मुठीत धरली.

"परवा तर मला पाणी आणून दिलंत तुम्ही," ती म्हणाली. "मी घरी आईला सांगितलं, एवढं होऊनसुद्धा ताई किती चांगल्या वागतात माझ्याशी. आई म्हणाली, पाया पड त्यांच्या."

"मंगळवारी मी येते आत. मी सगळं सांगते. शब्द देते तुला."

"शब्द नको ताई." तिचा बारीक आवाज अगदी सपाट झाला होता. "मी सांगितलं तर म्हणतील आता सुनेवर ढकलते. तुम्ही नुसत्या या."

*

घरी मी त्याच दिवशी सांगितलं, दोघांनाही. दवाखान्यातून नुकत्याच घरी आलेल्या आईंनी फक्त ऐकून घेतलं. हे मात्र तेव्हापासून बोलतच होते, आणि मंगळवारी सकाळी तर त्यांनी नेमकी वेळ साधली. रोज सहा ते सात माझं मौन असतं, हा माझा दुसरा नेम. पंचवीस वर्षांत ह्यांनी ते कधी मोडलं नाही, उलट त्या तासात घर किती शांत असतं म्हणून चेष्टा करायचे. त्या दिवशी सव्वासहाला खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

"हे बघ, मी काय म्हणतो ते ऐक. ऐकावंच लागेल म्हणा तुला. ती पोरगी लहान आहे, तिला दुसरीकडे कुठेही काम मिळेल. आईचं काय? चाळीस वर्षांचं नाव आहे तिचं. तो फोटो उतरवतील ना गं. उद्या म्हणतील ह्या बाईनेच सगळ्यांना खोटं लिहायला शिकवलं. हाताने गेलीच आहे ती, आता नावानेही घालव. आणि तुझं स्वतःचं काय? तुला काय तिथे हार घालणार आहेत?"

मी डोळे मिटले.

"डोळे मिटू नकोस. तुझा देव सांगतो का सासूची अब्रू चव्हाट्यावर आण म्हणून?" मग खुर्ची मागे सारत, "बोलत नाहीस म्हणजे पटतंय तुला. हो ना? पटतंय. बरं झालं."

आणि उठले. सात वाजता माझं तोंड मोकळं झालं तेव्हा हे डबा घेऊन कामाला निघूनही गेले होते. टेबलावर माझ्यासाठी चहा झाकून ठेवला होता. इतकं पटलं होतं मला त्यांच्या मते.

साडेनऊला मी आईंच्या हाताची पट्टी बदलायला बसले. रोज मीच बदलते. खिडकीखाली स्वच्छ फडकं अंथरलं, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, मोजे चढवले. जुनी पट्टी सलाईनने भिजवली, म्हणजे ओढताना कातडी येत नाही. जखम भरत होती. मधला एक टाका अजून ओला होता. आई माझ्या हातांकडे बघत होत्या, चूक शोधायला. सापडत नव्हती.

"जाणार आहेस," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी बोटाने बघून तारीख लावायचे. तुम्ही तारीख बघून तारीख लावता. हे दोन सारखं आहे का?"

"नाही, आई."

"मग? तिने बोट लावलं का? नाही लावलं. तिची चूक आहे. असं तिथे सांग हवं तर."

"तिने तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, लाव."

"ताप होता मला."

"वॉर्डात आलेल्या प्रत्येकीला ताप असतो, आई."

त्यांनी हात एवढासा ओढला. मी धरून ठेवला, कापसाचा बोळा सलाईनमध्ये बुडवला, आतून बाहेर एकदा फिरवला, टाकला, दुसरा घेतला.

"गुरुवारी तर मी स्वतः बघितलं होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढला. "मऊ होती. गार होती. गुरुवारपर्यंत काही नव्हतं त्या शिरेला, मी सांगते ना. जे झालं ते नंतर झालं. माझ्या बोटाखाली आजपर्यंत एक शीर चुकली नाही, एक नाही, विचार कुणालाही."

त्या तेवढ्यावर थांबल्या असत्या तर मी ते बोलले नसते, असं मला अजूनही वाटतं.

"आई, तुमच्या बोटांना गरम कळत नाही."

"काय?"

"झाकणं उचलता ना तुम्ही. फडक्याशिवाय. ते धाडस नाही. साखरेने बोटं बधिर झालीत. तीन वर्षं झाली."

बाहेर कुणीतरी मोटारीचं दार आपटलं. आईंनी उजवा हात वर घेतला, अंगठा तर्जनीवर घासला, मग मधल्या बोटावर, परत तर्जनीवर. जणू चिमूटभर मीठ आहे आणि किती आहे ते बघतायत. मला त्यांच्याकडे बघवेना. चाळीस वर्षं ज्या बोटांवर त्या उभ्या होत्या ती मी एका वाक्यात काढून घेतली होती, आणि तेही जखम उघडी असताना.

"तीन वर्षं," त्या म्हणाल्या. "तुला माहीत होतं."

"हो."

"त्याला? माझ्या मुलाला?"

"नाही. ते गंमत समजतात."

"म्हणजे तू एकटीच." त्या हसल्या, पण चार नंबरच्या खाटेवरचं ते हसू नव्हतं. "तरी गुरुवारी माझं बोट फिरताना उभी राहून बघितलंस. बघू दे म्हातारीला, तिचा मान राहू दे, असं ना? माझा मान राखलास गं तू."

मी कोरडा गॉज घडी करून जखमेवर ठेवला.

"कशाला राखलास?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मी बाई होते ना तिथे? का नाही ओरडलीस माझ्यावर? शिकाऊ पोरगी असती तर ओरडली असतीस."

"तुमच्यावर मी कधी ओरडले आहे का, आई?"

"नाही. फार चांगली सून आहेस." हे त्यांनी असं म्हटलं की मला शिवी बरी वाटली असती. "मग तेही सांग आज तिथे. सासूची बोटं मेलीत हे मला माहीत होतं आणि मी गप्प बसले, असं सांग. निम्मं सांगून माझं नाव घेणार असशील तर घरातून पाऊल बाहेर टाकू नकोस."

"सगळंच सांगणार आहे."

"नोकरी जाईल."

"जाईल."

"आणि माझा फोटो."

मी वरून गुंडाळायची पट्टी मनगटापासून सुरू केली, फार घट्ट नाही, मिटत नसलेल्या दोन बोटांची टोकं उघडी ठेवून, म्हणजे निळी पडली तर दिसतील. शेवट चिकटवला.

"घट्ट वाटत नाही ना?"

"मला काय विचारतेस," आई म्हणाल्या. "मला काय कळतंय." आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मी घाण गॉज आणि मोजे पिशवीत बांधले, फडकं उचललं, हात पुन्हा धुतले. त्यांच्या उजव्या हाताला लागेल असा पाण्याचा पेला ठेवला, शेजारी दुपारची गोळी. "एक वाजता घ्या," म्हटलं. त्यांचे खांदे हलत होते की श्वास होता ते मागून कळेना. मी तिथे जरा उभी राहिले. जवळ जावं, पाठीवर हात ठेवावा, असं वाटलं. पण तो हात त्यांना आज नको होता, आणि मलाही तो ठेवायचा अधिकार उरला नव्हता.

साडेदहाला दहा मिनिटं कमी होती. दवाखाना चालत वीस मिनिटांवर. मी पदर सारखा केला, चपला हातात घेतल्या, त्यांचा आवाज नको म्हणून, आणि दाराबाहेर जाऊन पायांत घातल्या. जिन्यावर शेजारीण भेटली. "काय, आज दुपारपाळी? इतक्या लवकर?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "एका ठिकाणी अकराला पोचायचंय."

आणि खाली उतरले.